पहिलं पाणी

चहा चाखणं हाच जिचा धंदा, तिच्या तोंडचं पाणी पळणं ही काही साधी गोष्ट नव्हे. घोटताईचं ते पळालं एका मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता, आणि तेसुद्धा एका बादलीवरचं झाकण उचलल्यामुळे.

घोटताई हे नाव तिला बाजाराने दिलेलं. पुलाच्या अलीकडे तिच्या मामाचं चहाचं दुकान होतं. पुढे छतापर्यंत पत्र्याचे डबे, आणि मागे चाखायची खोली. त्या खोलीत एक मोठी खिडकी, लांब टेबल, पांढऱ्या वाट्यांची रांग, छोटा तराजू आणि पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ. बावीस वर्षं ती त्या टेबलापाशी उभी होती. चाखण्याच्या दिवशी केसांना तेल नाही, अंगाला अत्तर नाही, जेवणात कांदा-लसूण नाही. चमच्यातला चहा ती अशी काही भुरकन ओढायची की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने सवयीने तसा भुरका मारला आणि सासूबाईंच्या हातातली बशी खाली पडली. त्या पुढे जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत, आणि दर वेळी बशी थोडी महागडी होत जाई.

मामाने तिला धंदा शिकवला तो नियमांनी. त्यातला एक नियम ऊलाँगचा. त्या चहाची पानं घट्ट वळलेली असतात, मिरीच्या दाण्यांसारखी. त्यांच्यावर उकळतं पाणी घालायचं आणि लगेच ओतून टाकायचं. मग पान जरा सैल होतं, धूळ जाते, आणि दुसऱ्या पाण्यापासून चहा खरा बोलायला लागतो. मामा म्हणायचा, पहिल्या पाण्याने पानांनी तोंड धुवायचं, आपण नव्हे. म्हणून टेबलाखाली झाकणाची एक बादली असे. दिवसभरातली सगळी पहिली पाणी त्या बादलीत. संध्याकाळी ती मागच्या अंगणात झाडांना जायची. बावीस वर्षांत त्या पाण्याचा थेंब कुणी जिभेवर ठेवला नव्हता.

आता हा सायवाला ऊलाँग. दुकानात त्याला सगळे तसंच म्हणत. एका विशिष्ट झाडाच्या पानातच देवाने असा गुण घातलाय की नुसतं उकळतं पाणी घालून प्यालं तरी जिभेवरून साय सरकल्यासारखी वाटते. दूध नाही, साखर नाही, नुसतं पान आणि पाणी. खरा असेल तर तो मऊपणा पाचव्या पाण्यापर्यंत टिकतो. खोट्याला वरून काहीतरी चोपडलेलं असतं, ते तिसऱ्या पाण्यालाच दगा देतं. त्यामुळे सायवाला पाचव्या पाण्यापर्यंत चाखल्याशिवाय घोटताई त्याच्या डब्यावर पसंतीची चिठ्ठी लावत नसे.

त्या मंगळवारी तिने लावली. दुसऱ्याच पाण्यावर.

झालं असं, की नेहमीच्या बागेचा माल यंदा कमी आला, म्हणून एका नव्या व्यापाऱ्याकडून मागवला होता. सकाळी अकरा वाजता ती तो चाखायला उभी राहिली आणि तेवढ्यात बाइंडरदादा दारात आला. पुलापलीकडे त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान. घोटताईच्या चाखणीच्या वहीला हिरव्या कापडाची बांधणी त्यानेच केली होती. गरीब स्वभावाचा माणूस, बोटांना कायम खळ चिकटलेली. त्याची मुलगी टिंबू बारा वर्षांची. तिला दूध चालत नसे, आणि न चालणं म्हणजे पोट बिघडणं नव्हे. गेल्या वर्षी कुणाच्या तरी घरी बिस्किटाचा एक तुकडा तोंडात गेला, गळा सुजला आणि पोरगी दोन दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून घरात नियम होता. नवीन काहीही असो, आधी एक थेंब ओठाला लावायचा आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं.

तर ही टिंबू बापाला सारखी विचारायची, बाबा, साय कशी लागते? बापाने बरीच उत्तरं देऊन बघितली. मऊ, म्हणे. उशीपण मऊ असते, ती म्हणायची. शेवटी त्याने घोटताईच्या कानावर घातलं, आणि घोटताईने त्याला महिनाभर आधीच शब्द दिला होता, की नवा सायवाला आला की पहिली पुडी तुमची.

तो दारात उभा राहिला. कामावर खळ लावून आलोय, ती वाळेल, म्हणाला. वर्गात पोरीचा निबंध पहिला आलाय, चारला शाळेतून येईल, तेव्हा तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. घोटताईला त्याचा कळवळा आला. तिने पहिलं पाणी बादलीत टाकलं, दुसरं चमच्याने ओढलं. गोड, गोल, जिभेला मखमल लागल्यासारखं. छानच होतं. तिसरं, चौथं, पाचवं म्हणजे अजून अर्धा तास.

"ताई, दुधाचा थेंबसुद्धा नाही ना यात?" त्याने विचारलं. "रागावू नका, पुन्हा विचारतो."

"दादा, मी स्वतः चाखलाय," ती म्हणाली. "बिनघोर द्या."

तो पुडी छातीशी धरून गेला. पाठोपाठ गाण्याच्या मास्तरीणबाई आल्या, मग दातांचे डॉक्टर, दोघांनी एकेक पुडी नेली. मग ऊन वाढलं, गिऱ्हाईक थांबलं. मामा पुढे खुर्चीत पेंगत होता. राहिलेली चाखणी पुरी करावी म्हणून घोटताईने पाणी ठेवलं, ते उकळल्यावर ताज्या पानांवर ओतलं, पहिलं पाणी टाकायला ती वाकली, बादलीचं झाकण उचललं, आणि तिच्या नाकात वास शिरला.

आंबलेल्या दुधाचा वास.

चहाचं पाणी शिळं झालं तर तुरट वास येतो, ओल्या लाकडासारखा. असा कधी येत नाही. तिने बादली खिडकीपाशी ओढली. पाण्यावर पांढुरका तवंग होता, कडेला बारीक गुठळ्या. सकाळपासून त्या बादलीत एकाच चहाचं पाणी पडलं होतं.

 तिचे हात सवयीने चालत राहिले. हातातल्या वाटीतलं पहिलं पाणी अजून ओतलेलं नव्हतं. तिने चमचा उचलला आणि बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पहिलं पाणी तोंडात घेतलं.

दुधाची भुकटी. शंकाच नको. टाळूला चिकटणारी, पिठूळ, गोडसर. कुणीतरी पानांना ती चोळली होती, आणि ती सगळी सगळ्यात आधी याच पाण्यात उतरत होती, जे पाणी कुणी चाखत नाही. दुसऱ्या पाण्यात उरलेल्या अंशाला तिची जीभ मखमल म्हणाली होती.

तिने भिंतीवर बघितलं. चारला दहा कमी.

चाखणीच्या वहीच्या आत बाइंडरदादाची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर नंबर. तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. यंत्र चालू असलं की त्याला काही ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिने पुढे जाऊन मामाला हलवलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. मामाचे डोळे पूर्ण उघडायच्या आत त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो म्हणाला, उन्हानेही वास येतो गं कधीकधी, उगाच त्या माणसाला घाबरवशील. मग त्याने तिच्या हातातली वाटी घेतली, ओठाला लावली आणि खाली ठेवली.

"तू पळ," तो म्हणाला. "मी फोन लावत बसतो. बाकीच्या दोघांनाही सांगतो."

घोटताई पळाली. पंचेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, पायात दुकानातल्या सपाता. रिकामी रिक्षा दिसेना. बस थांब्यावर उभी होती, पण पुलावर वाहनांची रांग तशीच अडकलेली, म्हणून ती बसच्या कडेने पुढे निघाली. घशात तिची स्वतःचीच दोन वाक्यं अडकली होती. मी स्वतः चाखलाय. बिनघोर द्या. पावलागणिक ती वर येत होती.

तिचं देवाशी बोलणं एरवी घरच्या माणसाशी बोलावं तसं असे. पाणी उकळायला ठेवताना दिवसाचा हिशोब, झाकण ठेवताना आभार, मध्ये कधी लाडिक भांडण. आज ती काहीबाही बोलत सुटली. देवा, शाळा उशिरा सुटू दे. देवा, तिला वाटेत मैत्रीण भेटू दे. देवा, माझी जीभ घे. हे शेवटचं तोंडातून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली, कारण जीभ काय, ती आज सकाळीच कामातून गेली होती. मग तिने मागणं सोडलं आणि नुसतं नाव घेत पळत राहिली.

पुलाच्या मध्यावर तिने पुन्हा फोन लावला. या वेळी घंटी वाजली नाही. नंबर व्यस्त होता. मामा लावत असेल, तिने मनाला समजावलं. तेवढ्यात मामाचाच फोन आला. तो म्हणाला, अगं, त्याचा फोन पाच मिनिटांपासून व्यस्त लागतोय, तूच बोलतेयस का?

 शाळेचा गणवेश घातलेली मुलं पुलावरून उलट येत होती, दोघी-तिघींचे घोळके, खिदळत, दप्तरं हलवत. म्हणजे शाळा सुटली होती. प्रत्येक चेहऱ्यात तिने टिंबू शोधली. एकातही नव्हती.

बांधणीच्या दुकानाचं दार उघडं होतं. आत यंत्र बंद, टेबलावर पाठीला खळ लावलेली पुस्तकं दाबाखाली. वर राहायची खोली, अरुंद लाकडी जिना. जिना चढताना तिला वरून काही म्हणता काही ऐकू येईना, आणि त्या शांततेची तिला इतकी भीती वाटली की शेवटच्या तीन पायऱ्या ती कठड्याला धरून चढली.

टिंबू खुर्चीत ताठ बसली होती. खालचा ओठ एका बाजूने सुजलेला, गळ्यावर लाल चट्टे, डोळ्यांतून पाणी. पुढ्यात कप, घोटभर रिकामा. बाप तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात दवाखान्याने अशा वेळेसाठी दिलेलं जाड पेनासारखं इंजेक्शन, टोपण न काढलेलं.

"नाही हो डॉक्टर," तो फोनवर सांगत होता, "दूध कसं असेल? ताईंनी स्वतः चाखलाय. हो, खळीचा हात लागला असेल माझा. थांबतो ना, दहा मिनिटं थांबतो."

"बाबा, दूधच आहे," टिंबू म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, कापूस कोंबल्यासारखा. "मला कळतंय."

"अगं, ताई म्हणाल्यात—"

"दूध आहे," घोटताई दारातून म्हणाली. दम लागला होता तरी शब्द स्वच्छ आले. "दुधाची भुकटी आहे, दादा. मी आत्ता चाखली. सकाळी मी नीट चाखलंच नाही. चूक माझी आहे. डॉक्टरांना सांगा, दूध आहे."

तिच्याकडे बघताना त्या माणसाचा चेहरा कसा झाला, ते तिला पुढे कित्येक दिवस डोळे मिटले की दिसायचं. त्यात राग नव्हता. पायाखालची पायरी निघून गेल्यावर माणूस बघतो, तसा तो बघत होता. त्याने फोनमध्ये शब्द न शब्द पुन्हा सांगितला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज इतका चढला की तो तिलाही ऐकू आला. थांबू नका, आत्ता द्या, मांडीत, आणि गाडी पाठवतोय, ती येईपर्यंत तिला उठवू नका.

 त्याच्याने टोपण निघेना. टिंबूने स्वतःच ते काढून दिलं आणि घोटताईकडे हात पुढे केला. घोटताईने तो धरला. बारीक, गार, शाईचे डाग पडलेला हात. इंजेक्शन टोचलं तेव्हा त्या हाताने तिची बोटं एकदाच घट्ट आवळली.

गाडी यायला नऊ मिनिटं लागली.  तेवढा वेळ तिघं मिळून एकच गोष्ट ऐकत होते, टिंबूचा श्वास. आत जाताना बारीक शीळ वाजत होती. घोटताई ती शीळ कान देऊन ऐकत होती, आणि मनातल्या मनात प्रत्येक श्वासाला पुढचा श्वास मागत होती. सहाव्या की सातव्या मिनिटाला शीळ जरा खाली आली. आधी तिला वाटलं, आपल्यालाच तसं ऐकायचंय. मग टिंबू म्हणाली, "मावशी, हात दुखतोय," आणि आवाजातला कापूस थोडा निघालेला होता.

दवाखान्यात तिला रात्रभर ठेवलं. बाहेरच्या बाकावर बाइंडरदादाने थोडक्यात सांगितलं. तोच म्हणाला होता पोरीला, आज थेंब लावून बघायची गरज नाही, ताईंनी सांगितलंय. पोरीने तरी थेंब लावला. पण बापाच्या डोळ्यांतली घाई बघून तिने पंधराऐवजी दोनच मिनिटं धरली आणि घोट घेतला.  घोटताईने माफी मागितली. तो म्हणाला, तुम्ही आता घरी जा. कडवटपणे नव्हता म्हणाला, पण ताई म्हणाला नाही.

मास्तरीणबाईंनी आणि दातांच्या डॉक्टरांनी पुड्या परत केल्या, दोघांनाही काही झालं नव्हतं. तो सगळा माल अन्न तपासणीवाले सील करून घेऊन गेले, व्यापाऱ्याकडेही गेले. मामाने दुकानाच्या दारावर कागद लावला, त्यात काय झालं ते सगळं लिहिलं, आणि खाली चूक कुणाची तेही. भाचीचं नाव खोडून त्याने स्वतःचं घातलं होतं. घोटताईने ते पुन्हा खोडून दोघांचं लिहिलं. टेबलाखालची बादली तशीच राहिली. पण आता पहिलं पाणी तिच्यात जायच्या आधी घोटताईच्या तोंडातून जायचं. पहिले कित्येक दिवस चमचा ओठांशी आला की थेंब टेबलावर सांडायचे.

सव्वा महिना झाला आणि टिंबूचा फोन आला. मावशी, खरा सायवाला आहे का तुमच्याकडे? घोटताईने उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, डॉक्टरांना विचारलंय, नुसता चहा मला चालतो. बाबांनापण विचारलंय. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

जुन्या बागेचा मूठभर माल मामाने स्वतःसाठी लपवून ठेवला होता. त्याने तो मुकाट काढून दिला. घोटताईने तो आधी प्रयोगशाळेत पाठवला, दुधाचा अंश नसल्याचा कागद आणला, मग पाचही पाणी चाखली. मग पुन्हा पहिल्यापासून पाचही.

त्या रविवारी ती जिना चढली. हातात डबा, तो कागद आणि चाखायच्या खोलीतलं वाळूचं घड्याळ. बाइंडरदादाने दार उघडलं, खुर्ची पुढे केली, इंजेक्शन टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, मला बघवणार नाही, मी खाली आहे. थोड्या वेळाने खालून यंत्राची खडखड सुरू झाली.

घोटताईने पाणी ओतलं. पहिलं पाणी वाटीत घेतलं, टिंबूसमोर भुरका मारला. टिंबू हसली. एवढ्या मोठ्या माणसाने असा आवाज काढायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग? आता म्हणताय का, बिनघोर पी?" तिने विचारलं. सगळं ठाऊक असल्यासारखी नजर रोखून.

"नाही म्हणणार," घोटताई म्हणाली. "मला भीती वाटतेय. तू थेंब लाव. आणि पूर्ण पंधरा मिनिटं."

घोटताईने दुसरं पाणी कपात ओतलं, टिंबूने त्यात बोट बुडवून ओठाला लावलं. घोटताईने घड्याळ उलटं केलं. वाळू पडायला लागली. टिंबूने कागदाचे तुकडे घेतले आणि छोटी वही शिवायला बसली, बापासारखीच मान तिरकी करून. घोटताईला मात्र दुसरीकडे बघवेना. ओठाची कड जरा लाल दिसते का? की खिडकीतल्या उन्हाने? गळा खाजवतेय का ती? नाही, केस मागे सारले. एक वाळू संपली. दुसरी संपली. ओठ न हलवता ती नाव घेत होती. या वेळी मागत काही नव्हती, नुसती सोबत धरून होती.

तिसरी वाळू संपली. टिंबूचा ओठ होता तसाच होता.

तिने कप उचलला, घोटताईकडे एकदा बघितलं आणि जोरात भुरका मारला.

खालचं यंत्र थांबलं.

"मऊ आहे," टिंबू हळूच म्हणाली. "पण उशीसारखा नाही." मग तिने डोळे मिटले आणि जिभेने टाळू चाचपत राहिली. "मावशी, हीच का साय?"

"बरीचशी," घोटताई म्हणाली. 

यंत्र परत सुरू झालं नाही. जिन्यावर पावलं वाजली, एकेका पायरीवर थांबत. बाइंडरदादा दारात आला, पोरीच्या ओठाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, आणि खळीचे हात पुसत तिच्या शेजारी येऊन बसला. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी घोटताईने घड्याळ चौथ्यांदा उलटं केलं, आणि तिघंही वाळूकडे बघत राहिले.